कामा ते वाडिया

परळचं वाडिया हॉस्पिटल बसमधून शंभरदा पाहिलं असेल, पण ते तिथेच का, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

कामा हॉस्पिटल सुरू झालं १८८६ मध्ये. डॉ. एडिथ पीची प्रमुख, डॉक्टर स्त्रियाच. पुरुष डॉक्टरकडे न जाणाऱ्या बायकांची केवढी सोय! पण ते बोरीबंदरजवळ, आणि गिरण्या वाढत होत्या लालबाग-परळला. अंतर सात-आठ किलोमीटर. आपल्याला लोकलची वीस मिनिटं. पण रात्री कळा सुरू झालेल्या बाईने चाळीतून निघायचं कसं? मग खोलीतच, सुईणीच्या हातून बाळंतपण.

१९२६ मध्ये वाडिया कुटुंबाने गिरणी कामगारांच्या वस्तीतच प्रसूतिगृह काढलं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदाही झाला.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज कष्टकरी वस्ती गोवंडी, मानखुर्द, नालासोपाऱ्याला. हॉस्पिटल मात्र जागच्या जागी. जवळच्या प्रसूतिगृहातून 'केस अवघड आहे, मोठ्या हॉस्पिटलात न्या' म्हटलं की धावपळ सुरू. रिक्षा तर सायनच्या पुढे जातच नाही!

सर्व्हर युजरच्या जवळ ठेवावा, हे आम्ही रोज घोकतो. परळमध्ये ते १९२६ मध्येच कुणाला तरी कळलं होतं.