ॲस्ट्रोसाइट : मेंदूतल्या ‘गोंदा’चा इतिहास

डोक्याला जबर मार लागला की मेंदूतल्या चेतापेशी मरतात, हे तुम्ही ऐकले असेल. पण त्यांच्या शेजारच्या ताऱ्यासारख्या पेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, त्या वेळी काय करतात? याचे उत्तर कसे बदलत गेले ते पाहू.

१८५६ मध्ये जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी चेतापेशींना बांधून ठेवणाऱ्या भागाला ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे गोंद. १८९० च्या दशकात लेनहोसेक यांनी ‘ॲस्ट्रोसाइट’ हा शब्द रूढ केला. १९१३ मध्ये स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी सोने व पारा यांच्या क्षारांनी या पेशी रंगवून स्पष्ट दाखवल्या. तरी ‘गोंद’ ही समजूत टिकली.

इजेनंतर ॲस्ट्रोसाइट फुगतात, त्यांच्यात जीएफएपी हे प्रथिन वाढते आणि जखमेभोवती दाट व्रण तयार होतो. तुटलेले चेतातंतू या व्रणापाशी थांबलेले दिसत. म्हणून व्रण हाच अडथळा, तो हटवला की तंतू वाढतील, असा निष्कर्ष निघाला.

मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने तो उंदरांवर तपासला. २००६ मध्ये मेंदूच्या मध्यम इजेनंतर या सक्रिय पेशी मुद्दाम नष्ट केल्या, तेव्हा बाह्यकाची हानी सुमारे १८ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली. २०१६ मध्ये मज्जारज्जूच्या इजेत व्रण होऊ दिला नाही, तरीही तंतू वाढले नाहीत.

अभियांत्रिकीच्या वर्गात मी सांगतो, तडा गेलेल्या भिंतीजवळ टेकू दिसला म्हणून तडा टेकूमुळे गेला असे ठरवू नका. इथे नेमके तेच घडले होते.

मात्र टेकू नेहमीच निर्दोष नसतो. दाहामुळे काही ॲस्ट्रोसाइट चेतापेशींना मारक बनतात, हे २०१७ मध्ये दिसले. म्हणून आता संशोधकांचा प्रश्न ‘व्रण कसा काढायचा’ हा नसून ‘कोणती ॲस्ट्रोसाइट, केव्हा आवरायची’ हा आहे. रुग्णाला यातून एक उपयोग आधीच मिळाला. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली रक्तचाचणी जीएफएपी आणि आणखी एक प्रथिन मोजते आणि सीटी स्कॅन लागेल का हे ठरवायला मदत करते. या पेशींवर नेमके काम करणारे मान्यताप्राप्त औषध मात्र अजून नाही.

विचार करा : फिरखोंनी ‘गोंद’ऐवजी ‘राखणदार’ म्हटले असते, तर आपण कोणते प्रश्न आधी विचारले असते?