मोडाच्या भाताची कुळकथा

उरण तालुक्यातल्या जासईची जुनी भातशेती खाडीकाठची, खारी. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, पहिल्या पावसांनी मातीतले मीठ धुऊन निघायची वाट पाहायची, मग पेरणी. राब भाजून, आवण काढून लावण्याऐवजी खारपट्ट्यात दुसरी रीत चालते, ती रहू. बी दिवसभर भिजवायचे, उपसून गोणपाटात दडपून ठेवायचे आणि दीड-दोन दिवसांत मोड फुटले की चिखलात फेकून पेरायचे.

गोणपाटाच्या उबेत काय घडते, हे उलगडायला प्रयोगशाळांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. 1833 मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या सातूतून पिठाची साखर करणारे विकर मिळवले. 1890 मध्ये हाबरलांट यांनी दाखवले, की ते दाण्याच्या सालीखालच्या पातळ थरातून पाझरते. पण त्या थराला हुकूम कोण देतो?

उत्तराचा धागा भाताच्याच एका रोगात होता. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणत. त्यात रोपे फिकट, किडकिडीत आणि भलतीच उंच होत. 1926 मध्ये तैवानात कुरोसावा यांनी सिद्ध केले, की हा एका बुरशीच्या स्रावाचा प्रताप आहे. 1935 मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. 1960 मध्ये जपानात योमो आणि ऑस्ट्रेलियात पालेग यांना स्वतंत्रपणे आढळले, की अंकुर काढून टाकलेल्या सातूच्या दाण्याला जिबरेलिन दिले तरी आतले पीठ विरघळते. म्हणजे एरवी हा निरोप अंकुरच धाडतो. विकर आधीपासून साठवलेले नसते, निरोप मिळाल्यावर नव्याने घडते, हे 1964 मध्ये व्हार्नर आणि राम चंद्र यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ल वापरून दाखवले. ॲब्सिसिक आम्ल हे दुसरे संप्रेरक हेच काम रोखून धरते.

भाताची आणखी एक खुबी आहे. गहू आणि सातू प्राणवायूवाचून अडतात. भाताचा दाणा मात्र पाण्याखालीही हे विकर तयार करतो. चिखलात पडलेले बी तगते त्यामागे हेही एक कारण आहे.

जासई परिसरातल्या बऱ्याच जमिनी 1970 नंतर नवी मुंबईच्या संपादनात गेल्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या 'पनवेल 1', 'पनवेल 2', 'पनवेल 3' या जाती मात्र खाऱ्या खाचरांसाठीच आहेत. ज्यांची खाचरे उरली आहेत त्यांनी रहू जरूर करावी. बी थोडे जास्त लागते, तण वेळीच काढावे लागते. पण लावणीची मजुरी वाचते. मोड मात्र लांबू देऊ नका, फेकताना तुटतो.