ठड्डा आणि कांप

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली जेथे संगीत-विद्यालय उभे राहिले, त्या लखनौचे नाव मराठी रसिकाला ठुमरीमुळे आणि कथ्थकामुळे जितके परिचित आहे तितके पतंगामुळे नाही. आणि ज्यांना ते त्या अंगाने ठाऊक आहे, त्यांच्यापर्यंतही पतंग लढविणाऱ्या नवाबांची कीर्ती पोहोचली, तो बांधणाऱ्या पतंगसाजाची नव्हे. हा मला त्या कारागिरावरील अन्याय वाटतो.

नवाब आसफउद्दौला यांनी १७७५ साली अवधची राजधानी फैजाबादेहून लखनौस आणली, आणि त्यांच्या आश्रयाने इतर कसबांबरोबर हेही कसब भरभराटीस आले. जुन्या लखनौचे साक्षेपी वृत्तांतकार अब्दुल हलीम शरर लिहितात की, या नवाबांच्या पतंगाला पाच रुपयांची सोन्यारुप्याची झालर असे, आणि तुटलेला पतंग आणून देणारास तितकीच रक्कम इनाम मिळे. त्या काळी मान होता तो तुक्कलचा, म्हणजे दोन कमानींच्या, भारदस्त, मजबूत दोराखेरीज न पेलणाऱ्या पतंगाचा. एका कमानीचा हलका, चपळ कनकौवा लोकप्रिय झाला तो पुढे.

पतंगाचा उभा कणा तो ठड्डा आणि त्यावर आडवी वाकविलेली कमान ती कांप. विमानाच्या धडाला पंख जोडताना जी दक्षता लागते, तीच येथे बांबूच्या दोन काड्यांच्या बाबतीत घ्यावी लागते. ठड्डा ताठ हवा. कांप मात्र मध्यापासून दोन्ही टोकांकडे सारखीच निमुळती होत गेली पाहिजे, आणि ती तशी उतरली की नाही हे बोटावर तोलूनच कळते. एका बाजूस सुरीचा एक हात अधिक फिरला, तर ती बाजू वाऱ्यापुढे अधिक वाकते आणि पतंग तिकडे झुकू लागतो. याला लखनौस ‘कन्नी खाणे’ म्हणतात. मग चिंधी बांधून तोल साधावा लागतो. चिंधी बांधलेला पतंग उडतो खरा, पण कसबी पतंगसाजास ती आपल्या हातच्या उणिवेची जाहीर कबुली वाटावी, यात नवल नाही. म्हणून ठड्डा आणि कांप जेथे एकमेकांस छेदतात, तेथे खळ नेमकी लावून, कागदावर सुरकुती न पडू देता ती जोड बसविणे हाच या विद्येचा गाभा होय.

१८५६ साली कंपनी सरकारने अवध खालसा केले, नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास मटियाबुर्जास गेले, आणि दरबारी आश्रय आटला. विद्या मात्र बुडाली नाही. दरबाराची जागा बाजाराने घेतली. नवाबी इनामापेक्षा रोजच्या गिऱ्हाइकाची पारख अधिक निष्ठुर असते, आणि तीत ही विद्या टिकली, याचे श्रेय मी निःसंकोचपणे कारागिरासच देतो.

पतंगाचा तोल साधण्याच्या या खटपटीला कोणी पोरखेळ समजू नये. १८९९ साली राइट बंधूंनी पंखांना पीळ देऊन तोल सावरण्याची कल्पना प्रथम पडताळून पाहिली ती पतंगावर; आणि आपल्याकडील १९३४ च्या विमानविषयक कायद्याने ‘विमान’ या शब्दाची व्याख्या करताना फुगे आणि ग्लायडर यांच्या पंक्तीस पतंगालाही बसविले.

आपल्याकडे पतंग संक्रांतीचा. लखनौस त्याचा मोठा दिवस दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येतो आणि त्याला जमघट म्हणतात. त्या दिवशी गच्च्यागच्च्यांवरून पुकारा होतो तो पेच मारणाऱ्याच्या नावाने. पण चिंधीचा आधार न घेता जो पतंग सरळ वर चढतो, त्याची कांप खाली कोठेतरी एका मांडी घालून बसलेल्या माणसाने बोटावर तोलून पाहिलेली असते.