फेकबुक (यो ला टेंगो यांचा अल्बम)

फेकबुक हा अमेरिकेतील यो ला टेंगो या इंडी बँडचा चौथा अल्बम. तो १९९० मध्ये निघाला. हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्क आणि समोरच्या काठाला न्यू जर्सी राज्यातले होबोकेन हे लहानसे शहर. बँड होबोकेनचा, आणि अल्बम काढणारे बार/नन हे छोटे लेबलही तिथलेच. अल्बममध्ये सोळा गाणी आहेत. त्यांतली अकरा कव्हर, म्हणजे इतरांची गाणी नव्याने गायिलेली, आणि पाच बँडची स्वतःची. फेक बुक म्हणजे जॅझ वादकांकडे असणारे, गाण्यांची चाल आणि कॉर्ड थोडक्यात टिपलेले पुस्तक. आयत्या वेळी फर्माईश आली की ते उघडून वाजवायचे. अल्बमचे नाव त्यावरून घेतलेले आहे.

पार्श्वभूमी : आयरा कॅप्लन (गायन, गिटार) आणि जॉर्जिया हबली (गायन, ड्रम्स) या जोडप्याने १९८४ मध्ये बँड सुरू केला. कॅप्लन त्याआधी संगीतावर लिहीत असत आणि होबोकेनमधल्या मॅक्सवेल्स या प्रसिद्ध क्लबमध्ये ध्वनियोजनेचे काम पाहत. हबली या जॉन आणि फेथ हबली या नामांकित ॲनिमेशनपटकारांच्या कन्या. कॅप्लन यांचा लेखनाचा काळ या अल्बमच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. वादक होण्याआधी ते कान देऊन ऐकणारे श्रोते होते, आणि कुठल्या रेकॉर्डच्या कुठल्या कोपऱ्यात कोणते गाणे विसरले गेले आहे याची जाण त्यांना त्या वर्षांनी दिली. बँडच्या १९८५ च्या पहिल्याच सिंगलच्या एका बाजूला आर्थर ली यांच्या लव्ह या बँडचे गाणे होते. राइड द टायगर (१९८६) या पहिल्या अल्बममध्ये किंक्स या बँडचे एक गाणे आले. कव्हर गाण्याची सवय अशी सुरुवातीपासूनचीच.

त्यानंतरच्या न्यू वेव्ह हॉट डॉग्ज (१९८७) आणि प्रेसिडेंट यो ला टेंगो (१९८९) या अल्बमांत गिटारचा गोंगाट वाढत गेला. बँडमध्ये बास वाजवणारे मात्र टिकत नव्हते. त्या काळात कॅप्लन आणि हबली अनेकदा दोघेच, हलक्या वाद्यमेळात कार्यक्रम करत आणि त्यांत आवडीची जुनी गाणी गात. फेकबुकचा आवाज त्या कार्यक्रमांत तयार झाला. निर्मिती डीबीज या बँडचे जीन होल्डर यांनी केली. पहिल्या अल्बमनंतर बँड सोडून गेलेले गिटारवादक डेव्ह श्रॅम या कामासाठी परत आले, आणि ॲल ग्रेलर यांनी डबल बास वाजवला. श्रॅम यांची गिटार या अल्बममध्ये जवळपास तिसऱ्या गायकासारखी आहे. शब्द संपले की ती एक-दोन स्वरांनी ओळ पुरी करते आणि बाजूला होते. हबली यांचे ड्रम्सही इथे इतके मऊ वाजतात की गाणारे दोघे जवळच बसले आहेत असे वाटते.

गाण्यांची निवड : फेकबुकचे खरे मोल निवडीत आहे. लोकांच्या ओठी असलेली गाणी घेऊन ओळखीचा आनंद देणे हा कव्हर अल्बमचा नेहमीचा मार्ग. इथल्या अकरापैकी त्या अर्थाने सर्वपरिचित गाणे एखादेच : कॅट स्टीव्हन्स यांचे हिअर कम्स माय बेबी, जे १९६७ मध्ये ट्रेमेलोज या इंग्लिश बँडने गाजवले. मोठ्या नावांची गाणी घेतानाही हात गेला तो कडेच्या गाण्यांकडे. किंक्सचे घेतले ते ओक्लाहोमा, यू.एस.ए., मसवेल हिलबिलीज (१९७१) या अल्बममधले. कष्टाच्या आयुष्यात चित्रपटांच्या स्वप्नांवर जगणाऱ्या एका बाईचे हे गाणे आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा यो ला टेंगोवरचा प्रभाव सर्वज्ञात आहे. तरीही त्या बँडचे गाणे न घेता त्यातले वेल्श संगीतकार जॉन केल यांचे, पॅरिस १९१९ (१९७३) या एकल अल्बममधले अँडालुसिया निवडले. बर्ड्स या बँडमधून बाहेर पडलेल्या जीन क्लार्क यांचे १९६७ चे ट्राइड सो हार्ड हेही अशाच वाटेने आले.

बाकीची गाणी आणखी आडवाटेची आहेत. ग्रिझेल्डा हे १९७६ च्या हॅव मॉयसी या अवलिया लोकसंगीताच्या अल्बममधले. यू टोअर मी डाउन फ्लेमिंग ग्रूव्हीज यांचे, द वन टू क्राय लिव्हरपूलच्या एस्कॉर्ट्स या बँडचे. यलो सारोंग न्यूयॉर्कच्या द सीन इज नाऊ या समकालीन बँडचे, व्हॉट कॅन आय से हे एनआरबीक्यू यांचे. रेक्स गार्विन यांचे इमल्सिफाइड हे धांगडधिंग्याचे गाणे मध्येच येऊन सगळी शांतता उधळून लावते, आणि त्याची तिथे गरजच होती. परिचयाच्या सावलीबाहेरच्या या गाण्यांना मूळ गायकाशी तुलना होण्याची भीती नसते. ऐकणाऱ्याला बहुतेक गाणी नवीच वाटतात. परिणामी बँडची स्वतःची पाच गाणी कुठे सुरू होतात आणि इतरांची कुठे संपतात हे पहिल्यांदा ऐकताना कळत नाही. त्या पाचांतही दोन जुनी आहेत. ‘बार्नबी, हार्डली वर्किंग’ आणि ‘डिड आय टेल यू’ ही आधीच्या अल्बमांत येऊन गेलेली गाणी इथे हळुवार होऊन आली. बँडने स्वतःचीही कव्हर केली, असे म्हणता येईल.

स्पीडिंग मोटरसायकल : टेक्सासमधले डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) घरीच कॅसेटवर गाणी ध्वनिमुद्रित करत आणि त्या कॅसेटी लोकांना वाटत. मनोविकाराशी त्यांची झुंज आयुष्यभर चालली. यिप/जंप म्युझिक (१९८३) या त्यांच्या कॅसेटवरचे स्पीडिंग मोटरसायकल हे फेकबुकमधल्या अकरा कव्हरांपैकी एक. मूळ गाणे थरथरत्या आवाजातले आणि साध्या ऑर्गनच्या साथीचे आहे. यो ला टेंगोने त्याला गिटारची सरळ, आनंदी लय दिली. तरी त्यातले निरागस, थोडे घाबरलेले प्रेम पुसले नाही. कौतुक करायचे ते याच संयमाचे, कारण जॉन्स्टन यांची गाणी गंमत म्हणून गाणे फार सोपे होते. १९९० मध्येच न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या रेडिओ केंद्रावर बँड स्टुडिओतून साथ करत असताना जॉन्स्टन यांनी दूरध्वनीवरून हे गाणे गायिले. ते ध्वनिमुद्रणही पुढे प्रसिद्ध झाले. अल्बममधले रूप अधिक नेटके आहे, पण दूरध्वनीवरचे ऐकल्याशिवाय या गाण्याची ओळख पुरी होत नाही.

कव्हर आणि कायदा : एवढी विखुरलेली गाणी एका छोट्या लेबलला एकत्र करता आली याला अमेरिकी कायद्याचाही हातभार आहे. गाणे एकदा मूळ हक्कदाराच्या परवानगीने ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले की ठरलेल्या दराने मानधन भरून कोणालाही ते पुन्हा गाऊन विकता येते. ही सक्तीच्या परवान्याची तरतूद १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यात आली. पैसे रचनाकाराला किंवा त्याच्या प्रकाशकाला जातात. मांडणी बदलायची मुभा असते, पण मूळ चाल व गाण्याचा गाभा बदलता येत नाही. जॉन्स्टन यांच्यासारख्या उपेक्षित रचनाकाराच्या दृष्टीने एखाद्या बँडने त्याचे गाणे निवडणे हे अशा रीतीने कौतुक तर असतेच, शिवाय उत्पन्नही असते.

नंतरचा प्रवास : जेम्स मॅकन्यू बासवादक म्हणून बँडमध्ये आले आणि मे आय सिंग विथ मी (१९९२) पासून ही तिघांची जोडणी टिकली. पुढचे अल्बम पुन्हा विजेच्या गिटारकडे वळले, पण फेकबुकमध्ये सापडलेला कुजबुजता स्वर गेला नाही. आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन (१९९७) या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या अल्बममध्ये आवाज आणि शांतता दोन्ही शेजारी नांदतात, आणि कव्हरही आहेत. डब्ल्यूएफएमयूच्या निधिसंकलनासाठी बँड दरवर्षी देणगीदारांच्या फर्माईशी तालमीशिवाय वाजवू लागला. त्यांतल्या निवडक, जागोजागी चुकलेल्या गाण्यांचा संग्रह २००६ मध्ये निघाला. २००९ मध्ये दुसरेच नाव धारण करून त्यांनी गॅरेज रॉकच्या गोंगाटी कव्हरांचा अल्बम काढला आणि त्याच्या नावात फेकबुकवर कोटी केली.

फेकबुकनंतर पंचवीस वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच धर्तीवर स्टफ लाइक दॅट देअर हा अल्बम आला. इतरांची गाणी, स्वतःच्या जुन्या गाण्यांची नवी रूपे आणि दोन नवी गाणी असा त्याचा साचा आहे. डेव्ह श्रॅम पुन्हा गिटारवर आले, मॅकन्यू यांनी डबल बास हाती घेतला. हँक विल्यम्स आणि द क्युअर यांच्या परिचित गाण्यांशेजारी अँटिएटम, ग्रेट प्लेन्स आणि स्पेशल पिलो या फारशा न ऐकलेल्या बँडांची गाणी त्यात आहेत.