दोरा की स्क्रू?

आमच्या गिरडला येणारा माणूस टेकडीवरच्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला जातो आणि उतरताना हमखास एखादा गोल गोटा उचलून न्याहाळतो. कुणाला त्यात सुपारी दिसते, कुणाला जायफळ, कुणाला नारळ. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, ही कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. भूगर्भशास्त्र म्हणते, हे काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट खनिजाचे गोटे. मला दोन्ही गोष्टी आवडतात. वस्तू लहान असली म्हणून तिची गोष्टही लहान असते असे नाही, एवढे गिरडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

आज अशाच एका लहान वस्तूविषयी लिहितो आहे. ती मुठीत मावते आणि लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते. आपण वरातीत नाचतो, पण तिच्याकडे आपले लक्ष कधीच जात नाही.

निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी समुद्रपूर-हिंगणघाटकडे लग्नांत क्लॅरिनेट वाजवतो. आता त्याचा मुलगाही वाजवू लागला आहे. मुलाने मोबाइलवर परदेशी वादक पाहिले, त्यांच्या वाद्यावरची चकचकीत कडी पाहिली आणि बापाच्या वाद्यावर गुंडाळलेला दोरा त्याला गावठी वाटू लागला. बाप माझ्याकडे आला नि म्हणाला, "गुरुजी, पोट्ट्याले दोऱ्याची लाज वाटून राहिली जी. तुम्हीच सांगा आता, दोरा बरा का स्क्रू?"

मी काही वादक नव्हे. पण प्रश्न इतिहासाचा आहे हे लगेच लक्षात आले, आणि इतिहास मी जन्मभर शिकवला आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. क्लॅरिनेटच्या तोंडाशी चोचीसारखा एक भाग असतो, तो माउथपीस. त्याची एक बाजू सपाट असते आणि तिच्यात लांबट खिडकी असते. या खिडकीवर वेतासारख्या एका गवताची पातळ तासलेली पत्ती बसते. लहानपणी ज्या बोरूने आपण कित्ता गिरवला, त्याच्याच भाऊबंदांपैकी हे गवत. उत्तम पत्तीचे गवत फ्रान्सच्या दक्षिण भागातून येते. पत्तीचे टोक मोकळे राहते आणि फुंकरीने थरथरते, तोच आवाज. पण टोक मोकळे थरथरायचे तर बूड कुणीतरी घट्ट धरून ठेवायला हवे. हे धरून ठेवणारे जे काही असते त्याला लिगेचर म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'बांधणे'. गंमत म्हणजे छापखान्यात दोन अक्षरे जोडून केलेल्या खिळ्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. म्हणजे आपल्या जोडाक्षराचा हा दूरचा नातेवाईकच म्हणायचा.

आता इतिहास. क्लॅरिनेट जन्मले जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात, 1700 च्या आसपास. त्याचे श्रेय योहान ख्रिस्तोफ डेनर या वाद्यकारागिराला देतात. तेव्हा पत्ती कशाने बांधत? साध्या दोऱ्याने! पुढची शंभर वर्षे हेच चालले. मोझार्टने 1791 साली, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, आपला मित्र आंटोन श्टाडलर याच्यासाठी क्लॅरिनेटची ती प्रसिद्ध रचना केली. जगभरचे वादक आजही तिच्यापुढे हात जोडतात. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा स्क्रूची कडी अस्तित्वातच नव्हती. पत्तीवर होता तो दोरा.

कडीचे श्रेय ज्याला दिले जाते त्याचे नाव इव्हान म्यूलर (1786–1854). हा एस्टोनियातला, रेव्हाल म्हणजे आजच्या टालिनचा. मोठा फिरस्ता वादक. त्याने तेरा चाव्यांचे नवे क्लॅरिनेट तयार केले आणि 1812 मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयापुढे ठेवले. तिथल्या विद्वान समितीने ते चक्क नाकारले! पुढे मात्र जगाने त्याचेच क्लॅरिनेट उचलले. समित्यांचे असे पुष्कळदा होते... असो. धातूची पातळ कडी आणि ती आवळायला स्क्रू, ही सोयही त्याच्याच नावावर सांगतात. सोय खरोखरच मोठी होती. पत्ती फाटली की दोरा सोडा, नवी पत्ती सारखी करा, पुन्हा वेढे घाला, हा सगळा खटाटोप वाचला. स्क्रू सैल केला, पत्ती बदलली, स्क्रू आवळला, झाले काम.

फ्रान्स-इंग्लंडने ही कडी आनंदाने घेतली. पण ज्या जर्मन मुलखात वाद्य जन्मले तिथे नि शेजारच्या ऑस्ट्रियात दोरा गेला नाही. तिथले कित्येक वादक, अगदी मोठमोठ्या वाद्यवृंदांतलेसुद्धा, आजही पत्ती दोऱ्यानेच बांधतात. तिकडच्या माउथपीसवर दोरा घसरू नये म्हणून बारीक खाचा कोरलेल्या असतात. म्हणजे ज्या दोऱ्याची आमच्या पोराला लाज वाटते, तो व्हिएन्नाच्या रंगमंचावर काळा कोट घालून बसतो!

हे वाद्य आपल्याकडे कसे आले? इंग्रजांच्या पलटणींबरोबर. आमच्या भागाला सर्वांत जवळची मोठी छावणी कामठीची, 1821 ची. पलटण म्हटली की बँड आला आणि बँड म्हटला की क्लॅरिनेट आले. पण मराठी माणसाने ज्याचा अभिमान बाळगावा असे एक पान दूर दक्षिणेत आहे. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ 1798–1832) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणले हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. याच राजाने जगाच्या भूगोलावर मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' हे नृत्यनाट्य लिहिले आणि दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँडही ठेवला. त्या बँडच्या संगीताची इंग्रजी पद्धतीने लिहिलेली बाडे अजून ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. त्या काळच्या अशा बँडांत क्लॅरिनेट हे मुख्य वाद्यांपैकी एक असे.

पुढे त्याच तंजावरच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, महादेव नट्टुवनार या नृत्यगुरूंनी क्लॅरिनेट नाचाच्या साथीला घेतले, असे सांगतात. त्याआधी ती साथ मुखवीणा नावाचे सनईसारखे छोटे वाद्य करीत असे. 1855 मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्राशिवाय वारले आणि राज्य खालसा झाले, पण वाद्य टिकले. नादस्वरम वाजवणाऱ्या घराण्यातले ए. के. सी. नटराजन यांनी ते थेट मैफलीच्या मध्यभागी बसवले. मद्रासच्या म्युझिक अकादमीने 2008 साली त्यांना 'संगीत कलानिधी' म्हटले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या बाजूला वाद्याचा प्रवास वेगळा झाला. फौजेतून ते बाजारात आले. मेरठच्या जली कोठी भागात बँडच्या वाद्यांचा धंदा उभा राहिला. तिथल्या नादिर अली यांच्या कारखान्याचे नाव 1885 पासूनचे. देशभरच्या लग्नांतली वाद्ये मोठ्या प्रमाणात तिथूनच जातात. वाद्याबरोबर कडीही येते, पण वरातीच्या गर्दीत तिचा चिमुकला स्क्रू पडला की तालुक्याच्या गावी दुसरा मिळत नाही. मग दोरा निघतो. आणि आपल्या वाजंत्र्याच्या हाताला दोरा नवा कुठे होता? सनईची पत्ती नळीवर दोऱ्यानेच बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या बोटांत असलेली ती विद्या. न्यूरेंबर्गचा कारागीर आणि आपला सनईवाला कधी भेटले नाहीत, पण दोघांनी गाठ तीच मारली.

आता प्रश्नाचे उत्तर. जाणत्या वादकांना विचारून आणि वाचून जे समजले ते असे. आवाजात पहिला वाटा वाजवणाऱ्याचा, मग पत्तीचा नि माउथपीसचा. लिगेचरचा वाटा त्यामानाने लहान, आणि तो फरक ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला जास्त जाणवतो. तेव्हा महागड्या कडीने बेसूर माणूस सुरात येत नाही! लिगेचरने फक्त दोन कामे करावीत. पत्ती सपाट, हलू न देता धरावी आणि तिचे टोक मोकळे सोडावे. दोरा पत्तीला सगळीकडून सारखा धरतो. मात्र वेढे शेजारी शेजारी बसावेत, एकावर एक चढू नयेत. तो बांधायला वेळ नि सराव लागतो. धातूची कडी झटपट, पण ती माउथपीसच्या मापाचीच हवी आणि स्क्रू बेताने आवळावेत. जास्त आवळले की पत्ती वाकते आणि स्वर गुदमरतो. कातड्याच्या किंवा कापडाच्या पट्ट्याची लिगेचरही मिळतात, त्यांचा आवाज मऊ येतो असे वादक म्हणतात.

मी बापलेकाला एवढेच सांगितले की घरी रियाजाला दोरा ठेवा, वरातीला कडी ठेवा. वैशाखाच्या उन्हात, मिरवणूक चालू असताना पत्ती फाटली तर वेढे घालत बसायला कुणी थांबत नाही. कडी सोयीसाठी घ्यावी, लाजेपोटी घेऊ नये.

कारण खरी अडचण दोऱ्याची नाहीच. बँडवाला दाराशी वाजवतो, पाहुणे जेवतात, आणि त्याची पंगत सर्वांत शेवटी, बहुधा मांडवाच्या बाहेर बसते. कधी उरलेसुरलेच त्याच्या पानात पडते. त्याचे नाव पत्रिकेवर नसते आणि चांगले वाजवले म्हणून कुणी त्याच्या पाठीवर थाप मारत नाही. तेच वाद्य तंजावरकडे मैफलीत बसले की पद्मश्री होते, आणि आपल्या गावी 'बँडवाला' एवढेच राहते. ज्याच्या कलेला आपण मान देत नाही, त्याच्या मुलाला आधी बापाच्या दोऱ्याची लाज वाटते, मग वाद्याची आणि शेवटी बापाची. हे त्या पोराचे पाप नव्हे. मांडवात बसलेल्या आपल्या सर्वांचे आहे.

तेव्हा मंडळी, यंदाच्या लग्नसराईत क्लॅरिनेटवाला दिसला तर दोन मिनिटे जवळ जाऊन उभे राहा. त्याच्या वाद्यावर दोरा आहे की कडी, ते पाहा. वाजवून झाल्यावर त्याला पाणी विचारा, नाव विचारा, आणि पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवून घ्या.