वसंताच्या नावाची विद्या

कुंग फू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातील हाणामारी उभी राहते. परंतु या चिनी शब्दाचा मूळ अर्थ निराळा आहे. पुष्कळ वेळ देऊन, कष्ट करून अंगी बाणवलेले कसब म्हणजे कुंग फू. हा अर्थ घेतला तर कागदासारखी पातळ पुरणपोळी लाटणाऱ्या आपल्या आज्याही त्यात पारंगत होत्या असे म्हणावे लागेल! माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. पण इतिहास वाचण्याची आवड आहे. २००८ साली निघालेला ‘इप मान’ हा चित्रपट मुलाने घरी लावला, तेव्हापासून या गुरूंविषयी मिळेल ते वाचीत गेले. सिनेमात तिखटमीठ फार आहे. खरी हकिगत मला अधिक मोलाची वाटली, म्हणून ती भगिनींपुढे ठेवीत आहे.

इप मान यांचा जन्म १८९३ साली दक्षिण चीनमध्ये, कँटन शहराजवळच्या फोशान गावी झाला. इप हे आडनाव. चिनी लोक ते आधी लावतात. घर सधन होते. घराण्याच्या मालकीची जागा भाड्याने घेऊन चान वा-शुन नावाचे गुरू तेथे तालीम चालवीत. नाणी बदलून देणे हा त्यांचा मूळ धंदा. छोटा इप मान त्यांच्याकडे शिकू लागला व त्यांचा अखेरचा शिष्य ठरला. गुरू वारल्यावर थोरल्या गुरुबंधूंनी त्याला पुढे शिकवले. नंतर हाँगकाँगला इंग्रजी शाळेत शिक्षण झाले. गावी परतल्यावर त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली.

ते जी विद्या शिकले तिचे नाव विंग चुन, म्हणजे वसंताचे गान. हे एका मुलीचे नाव आहे बरे का! परंपरेने सांगतात की, यिम विंग-चुन ही टोफू विकणाऱ्याची मुलगी. (टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर.) गावातला एक गुंड तिच्याशी बळजबरीने लग्न करू पाहत होता. तेव्हा ङ मुई नावाच्या बौद्ध भिक्षुणीने तिला आपली युद्धविद्या शिकवली. मुलीने त्या गुंडाला लोळवले आणि पुढे मनाजोगत्या वराशी लग्न करून त्यालाही ही विद्या दिली. इतिहासकारांना या कथेला पुरावा सापडलेला नाही. तरी इप मान यांनी स्वतः ती लिहून ठेवली. पुरुषांच्या तालमीत पिढ्यान् पिढ्या दोन बायकांचे नाव आदराने घेतले गेले, ही गोष्ट तर खरीच आहे.

कथा कशीही असो, विद्येचा घाट मात्र कमी ताकदीच्या माणसाला सोयीचा आहे. समोरच्याच्या जोराला जोर लावायचा नाही. त्याचा हात बाजूला वळवायचा आणि त्याच क्षणी आपला हात सरळ रेषेत पुढे न्यायचा. कोपर अंगाजवळ, पवित्रा आटोपशीर. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. पहिल्या पाठाचे नाव ‘छोटीशी कल्पना’. तो एकाच जागी उभे राहून, सावकाश करायचा असतो. पुढे दोघांनी मनगटाला मनगट लावून ‘चिकटते हात’ हा सराव करायचा. दुसऱ्याचा जोर कोठून येतो हे त्यात डोळ्यांआधी कातडीला कळू लागते. घरी सरावाला लाकडी पुतळा. त्याला तीन हात आणि एक पाय.

इप मान सुखवस्तू होते तोवर शिकवणे हा त्यांचा धंदा नव्हता. पण १९३८ च्या ऑक्टोबरात कँटन व फोशान जपान्यांच्या हाती पडले आणि घरची श्रीमंती गेली. त्याच वर्षी आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींच्या सेवेला तिकडे गेले होते. पुढे १९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली व इप मान हाँगकाँगला निघून गेले. वय छप्पन, जवळ पैसा नाही. १९५० साली त्यांनी हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत वर्ग सुरू केला. दिवसभर बशा उचलणारी, भट्टीपुढे घाम गाळणारी माणसे त्यांचे पहिले शिष्य झाली.

त्यांच्या पत्नी चेउंग विंग-सिंग मात्र फोशानलाच राहिल्या. सरहद्द बंद झाली आणि मग नवराबायकोची भेट झालीच नाही. १९६० साली त्या वारल्या. चुन व चिंग हे दोघे मुलगे १९६२ साली वडिलांकडे आले. गुरूंवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. या बाईच्या वाट्याला दोनचार ओळी. पण मागे राहिलेले घर ज्यांनी सांभाळले, त्यांचे कसबही लहान नव्हते.

पुढे शिष्य वाढत गेले. त्यांतलाच एक पोरगेला मुलगा ब्रूस ली. १९५९ साली तो अमेरिकेला गेला व सिनेमांमुळे जगभर गाजला. गुरू मात्र साधेच राहिले. १९७२ साली घशाच्या कर्करोगाने अंग झिजले असता त्यांनी पाठ स्वतः करून दाखवून त्यांचे चित्रीकरण करवून घेतले, का, तर मागच्यांनी चुकीचे शिकू नये. त्याच वर्षी २ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. पुढच्या जुलैत, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ब्रूस लीही गेला.

भगिनींनो, गेल्या वर्षी आपल्या बैठकीत मुलींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग काढण्याची सूचना आली, तेव्हा “मुलींना हे कशाला?” असा प्रश्न निघाला व विषय तेथेच राहिला. मारामारीची हौस कोणत्याच आईला नसते. पण संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुलगी दहा मिनिटे उशिरा आली की आपला जीव कसा होतो, हे आपण सगळ्या जाणतो. शरीराची ताकद कमी म्हणून माणूस लाचार होत नाही, हे एका भिक्षुणीचे व टोफूवाल्याच्या लेकीचे नाव घेऊन चिनी पुरुष शिकत आले. मग आपल्या मुलींनी का शिकू नये? मंडळाचा दिवाणखाना शनिवारी दुपारी रिकामाच असतो. कुंग फू नको तर लाठी शिकवा, पण येत्या वर्षी वर्ग सुरू करा, एवढीच माझी विनंती.