निशाणी डावा अंगठा

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातला एमडीचा विद्यार्थी संशोधनाचा आराखडा (सिनॉप्सिस) घेऊन नैतिकता समितीपुढे जातो, तेव्हा सोबत सहभागी होणाऱ्यांच्या संमतीपत्राचा नमुना लागतो. तळाशी सहीची रेघ आणि शेजारी अंगठ्यापुरती मोकळी जागा.

या कागदाचं मूळ शोधत मागे गेलं की १९००चा क्यूबा लागतो. पीतज्वर डासांमुळे पसरतो का, हे तपासणाऱ्या वॉल्टर रीड यांनी स्वयंसेवकांशी लेखी करार केले. त्यांतले बरेचसे स्पेनहून आलेले, म्हणून करार स्पॅनिशमध्येही होता. शंभर डॉलर सोन्यात, आजारी पडल्यास आणखी शंभर. मात्र छावणी सोडून गेल्यास पैसे बुडणार. मधेच ‘नको’ म्हणण्याची मुभा १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेने दिली, तीही नाझी छळछावण्यांतले प्रयोग उघड झाल्यावर. पुढे १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा आला आणि १९८०मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं धोरण.

पण आपल्याकडे अंगठ्याच्या या मोकळ्या जागेला दुसरीही एक आठवण चिकटलेली आहे. १८७५मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. न वाचता आलेल्या कागदावर नांगराची निशाणी काढून त्यांनी जमिनी गमावल्या होत्या. मग १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावनिबंधक नेमले. दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा आणि करणाऱ्याला वाचता येत नसेल तर दोन प्रतिष्ठित साक्षीदार घ्यायचे, असा नियम झाला. आज संशोधनातला सहभागी निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. क्यूबाचा कागद आणि १८७९चा नियम यांचं रक्ताचं नातं नाही, पण मला हा नियमच जवळचा वाटतो. अंगठा देताना आपल्या माणसाचा हात का थबकतो, ते त्यातून कळतं.

म्हणून भाषेचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो. सुरगाणा-पेठच्या आदिवासी कोकणी (कोकणा) बोली बोलणाऱ्या बाईपुढे ‘यादृच्छिक पद्धतीने गटविभागणी’ असं छापील मराठी ठेवलं, तर ते तिला इंग्रजीइतकंच परकं. ‘कोणाला कोणतं औषध ते चिठ्ठ्या टाकून ठरेल’ एवढं म्हटलं की ती प्रश्न विचारू लागते. परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत एक सामान्य माणूस असतो, डॉक्टर नसलेला. असं अगम्य छापील वाक्य त्याने अडवायचं असतं.

आता शरीराइतकीच माहितीही जपावी लागते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्याच व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. संमतीपत्रात हेही सोप्या शब्दांत यायला हवं: तुझं नाव कुठे राहील, कोण पाहील, किती वर्षं.

संमतीपत्राची एक प्रत सहभागी व्यक्तीची असते. ती घरी नेऊन शाळेत जाणाऱ्या लेकीकडून पुन्हा वाचून घेता येते, आणि दुसऱ्या दिवशी येऊन ‘नको’ म्हणता येतं.